मांजराच्या नाकावर खपली, लाली, खाज: मलमाआधी काय करायचं

मांजराच्या नाकाला लावलेली कुठलीही गोष्ट मिनिटभरात त्याच्या पोटात जाते. जीभ नाकाच्या शेंड्यापर्यंत सहज पोचते. गळ्यात शंकूसारखी संरक्षक कॉलर असली तरी पोचते, कारण कॉलर पंजाला अडवते, जिभेला नाही. त्यामुळे पाठीवरच्या किंवा पायावरच्या जखमेला चालणारे उपाय नाकाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. इथे लावण्यापेक्षा काढून टाकण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं: डास, दुपारचं ऊन, फरशीवरचं फिनाईल, खरवडलेली प्लॅस्टिकची वाटी, पिसवा. मलमाची पाळी सगळ्यात शेवटी, आणि तीही पशुवैद्याने पाहिल्यावर.

नेमकं कुठे आहे ते आधी पाहा

मांजर पेंगुळलेलं असताना, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी पाहा. टॉर्च लागलाच तर झोत बाजूने पाडा, थेट डोळ्यांवर नको. समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक फोटो काढा, आणि रोज साधारण त्याच अंतरावरून काढत राहा. चट्टा वाढतोय की आटतोय हे आठवणीवर सोडलं की घरातल्या चौघांची चार मतं होतात.

नाकाचे दोन भाग वेगळे धरायचे. एक म्हणजे बिनकेसांचा शेंडा, आणि दुसरा म्हणजे डोळ्यांच्या मधून शेंड्यापर्यंत उतरणारा बारीक केसांचा दांडा. दांड्यावर सुरू झालेला त्रास बऱ्याचदा बाहेरून आलेला असतो: डास, नायटा, खरूज, पिंजऱ्याच्या जाळीवर नाक घासणं. शेंड्यावरच्या त्रासामागे ऊन, विषाणू, भांड्याची किंवा रसायनाची अ‍ॅलर्जी, किंवा प्रतिकारशक्तीचा बिघाड असू शकतो. ही विभागणी काटेकोर नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते तिच्यावरून कळतं. एकाच नाकपुडीतून चिकट स्राव किंवा रक्त येत असेल, किंवा नाक एका बाजूला फुगलेलं दिसत असेल, तर दुखणं बहुधा त्वचेचं नसून आतल्या पोकळीतलं आहे. तिथे घरगुती प्रयोगांत दिवस घालवू नका.

मग बाकीचं शरीर पाहा. कानांची बाहेरची बाजू आणि कडा, हनुवटी, ओठ, पायांच्या गाद्या, नखांची मुळं, आणि मांजर जांभई देईल तेव्हा जीभ. नाकावरच्या खपलीचं कारण कित्येकदा कानावर किंवा पंजावर सापडतं.

काही गोष्टी आजार नसतात. नाक दिवसभरात कधी ओलं, कधी कोरडं असतं. पंख्याखाली किंवा उन्हात झोपून उठलेल्या मांजराचं नाक कोरडं लागणारच. कोरडं नाक म्हणजे ताप, हा समज सोडून द्या. ताप थर्मामीटरने, गुदद्वारातूनच कळतो: ३८.१ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, हे मांजराचं नेहमीचं तापमान. केशरी मांजरांच्या नाकावर, ओठांवर, पापण्यांच्या कडांवर वयाबरोबर काळे-तपकिरी ठिपके येतात. ते सपाट असतील, खपली नसेल, खाज नसेल, तर ते तीळच. त्यांना काही करायचं नाही. खेळून आल्यावर गुलाबी नाक लालसर होतं तेही तसंच. मात्र नाक पांढरंफटक किंवा पिवळट दिसलं तर ओठ उचलून हिरड्या पाहा. त्याही तशाच असतील तर त्याच दिवशी दवाखाना.

स्वच्छ कसं करायचं

घरी बिनधोक करता येईल असं एकच काम आहे: मिठाच्या पाण्याने अलगद स्वच्छता. मेडिकलच्या दुकानात ०.९ टक्क्याच्या नॉर्मल सलाईनची १०० मिलीची बाटली मिळते, ती सगळ्यात बरी. घरी करायचं तर ५०० मिली पाणी पाच मिनिटं उकळा, त्यात साडेचार ग्रॅम साधं मीठ घाला, म्हणजे ५ मिलीचा छोटा चमचा सपाट पाऊण भरून, आणि झाकून कोमट होऊ द्या. हे पाणी त्याच दिवशी वापरा, उरलेलं ओतून द्या. अंदाजाने मूठभर मीठ टाकलं तर उघड्या त्वचेला ते झोंबतं, आणि एकदा झोंबलं की दुसऱ्या दिवशी मांजर तुम्हाला कापडासकट ओळखतं.

माणसं दोन हवीत. टेबलावर मोठा टॉवेल पसरा, मांजर मधोमध बसवा. टॉवेलाची एक बाजू हनुवटीखालून घेऊन पाठीवरून घट्ट आणा, मग दुसरी बाजू तशीच. चारही पाय आत, फक्त डोकं बाहेर. एकाने मागून टॉवेलासकट धरायचं आणि दोन्ही गालांमागे हळूच हात ठेवायचे. मानगूट आवळायची नाही. तोंड उघडं टाकून धापा टाकू लागलं तर लगेच सोडा, काम नंतर होईल.

सलाईन अंगाइतकं कोमट करा. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात काही मिनिटं ठेवली की पुरे. गॉजचा चौपदरी तुकडा भिजवून थेंब गळणार नाही इतका पिळा. पाणी नाकपुडीत गेलं तर शिंका, घाबरगुंडी आणि ओरखडे. कापूस नको, त्याचे धागे ओलसर जखमेला चिकटून बसतात. गॉज खपलीवर अर्धा मिनिट नुसता टेकवा, काढा, नवा ठेवा. असं पाच-सहा वेळा. नंतर नाकपुडीकडून बाहेरच्या दिशेने एकदाच अलगद पुसा. जी खपली सुटेल ती सुटेल, जी सुटत नाही ती राहू द्या. नखाने सोलली तर खालची कोवळी त्वचा पुन्हा उघडते, जखम दोन-तीन दिवस मागे जाते आणि गोऱ्या नाकावर व्रण राहू शकतो. नाकपुडीच्या आत इअरबड घालू नका. शेवटी कोरड्या गॉजने टिपून घ्या आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या.

पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ, मग दिवसातून एकदा. दिवसातून चार-पाच वेळा पुसणारे मालक असतात. त्यांच्या मांजराचं नाक मूळ आजारापेक्षा पुसण्यानेच लाल झालेलं असतं.

शेंडा नुसता कोरडा पडून भेगाळला असेल, ओल किंवा पू नसेल, तर बिनसुगंधी पांढरी पेट्रोलियम जेली तांदळाच्या दाण्याएवढी घेऊन पातळ फासा, दिवसातून एक-दोनदा. तेवढी पोटात गेली तरी अपाय नाही. नाकपुडीच्या आत मात्र ती लावायची नाही. तेलकट पदार्थ श्वासाबरोबर फुप्फुसात गेला तर वेगळंच दुखणं मागे लागतं. ओल्या किंवा पुवाळलेल्या जखमेवर जेली लावली तर घाण आत कोंडली जाते.

पंजाने ओरबाडत असेल तर नखांची टोकं कापा, पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख विसरू नका, आणि कॉलर घाला. कॉलरची कड नाकाच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे यायला हवी आणि गळ्याशी दोन बोटं सरकायला हवीत. आखूड कॉलरच्या कडेवर मांजर तेच नाक घासत बसतं आणि कॉलरनेच नवी जखम होते. जेवताना समोर बसून कॉलर काढली तरी चालते.

जे लावायचं नाही

मांजराच्या यकृतात फिनॉलसारखे पदार्थ निकामी करून बाहेर टाकण्याची व्यवस्था फार दुबळी असते. म्हणून माणसाला आणि कुत्र्याला पचणाऱ्या कित्येक गोष्टी त्याला विष ठरतात. डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल आहे, ते फिनॉलच्याच घराण्यातलं. पाणी घालून पातळ केलं तरी मांजराला नको. सॅव्हलॉनमधलं सेट्रिमाइड चाटलं गेलं तर तोंड आणि अन्ननलिका भाजू शकते. टी-ट्री, निलगिरी, लवंग यांची अर्कतेलं, कापूर असलेला बाम हेही नको. ‘नैसर्गिक’ या शब्दाची मांजराच्या यकृताला काही कदर नाही.

घरोघरच्या डब्यातली पांढरी ‘स्किन क्रीमं’ झिंक ऑक्साईड घातलेली असतात. रोज चाटली गेली तर उलट्या आणि पुढे रक्तातल्या लाल पेशी फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. बधीर करणारी मलमं, म्हणजे बेंझोकेन किंवा लिडोकेन असलेली, मांजराच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतात. केस गेलेल्या जागी केस उगवावेत म्हणून मिनॉक्सिडिल लावण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात येत असेल तर ती तिथेच थांबवा: अगदी थोडं मिनॉक्सिडिलही मांजराचा जीव घेऊ शकतं. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल देणं ही तर थेट जीवघेणी चूक आहे. अर्धी नाही, पाव नाही, लहान मुलांचं सिरपही नाही.

आपल्याकडची सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे नायट्यासाठी चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र ट्यूब. त्यांत बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइड एकत्र असतं. दोन दिवसांत लाली उतरते, सगळे खूश होतात आणि खाली बुरशी पसरत राहते. नंतर पशुवैद्याकडे गेल्यावर चट्ट्याचं मूळ रूपच ओळखू येत नाही.

हळद-खोबरेल तेलाने सहसा विषबाधा होत नाही, पण फायदाही नाही. पिवळ्या थराखाली लाली दिसेनाशी होते, तेलावर धूळ बसते आणि चाटून पोट बिघडतं.

पावसाळा, डास आणि नाकाचा दांडा

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की दिवाळीपर्यंत नाकाच्या दांड्यावर एक ठराविक चित्र दिसतं. आधी बारीक पुळ्या, मग त्यांवर खपल्या, केस झडतात, कातडी जाड होते आणि काळं नाक जागोजागी फिकं पडतं. सोबत कानांच्या बाहेरच्या बाजूला तशाच पुळ्या, कधी पायाच्या गाद्यांच्या कडेला भेगा. ही डासाच्या लाळेची अ‍ॅलर्जी. केस विरळ असतात तिथेच डासाची सोंड पोचते, म्हणून नाक आणि कान. सगळ्या मांजरांना होत नाही. एकाच घरातल्या दोघांपैकी एकालाच होणं अगदी साहजिक आहे.

याची परीक्षा आणि उपचार एकच आहे. मांजराला बारीक जाळी लावलेल्या, डास नसलेल्या खोलीत सलग आठवडाभर ठेवा. खपल्या चार ते सात दिवसांत स्पष्ट सुकू लागल्या, नव्या पुळ्या आल्या नाहीत, आणि बाहेर सोडल्यावर पुन्हा सुरू झालं, तर निदान जवळजवळ झालंच. त्रास फार असेल तर पशुवैद्य थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. मात्र डास तसेच ठेवून गोळ्या दिल्या तर दर महिन्याला त्याच वळणावर परत येणं होतं.

खोली डासमुक्त करताना मांजरालाच विष देऊन बसू नका. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. तेच मांजराला टाकलं तर थरथर, झटके आणि मृत्यू येऊ शकतो. एकाच घरात कुत्रा आणि मांजर असेल तर कुत्र्याला टाकलेलं औषध वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. बिलगून झोपणारी जोडी असेल तर परमेथ्रिनचं औषध आणूच नका. माणसांसाठीचं डास पळवायचं क्रीम नाकाला नको. कॉइलचा धूर आणि लिक्विडची वाफ बंद खोलीत कोंडू नका. आधीच सुजलेलं नाक आणि दम्याची मांजरं त्याने आणखी बिघडतात. खिडकीला जाळी, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी दारं बंद, झोपायच्या जागेवर पंख्याचा वारा (डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही) आणि आठवड्यातून एकदा कुंड्यांच्या ताटल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे कोरडा करणं, एवढ्यानेच बरंच भागतं.

वाटी आणि फरशी

प्लॅस्टिकच्या वाटीवर जिभेने, दाताने, घासणीने चरे पडतात. त्यांत तेल आणि जंतू साचतात, आणि काही मांजरांना प्लॅस्टिकमधल्या घटकांचीच अ‍ॅलर्जी असते. शेंड्याच्या खालच्या कडेवर आणि ओठावर लाली, हनुवटीवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे कण, हे दिसलं तर पाण्याची आणि खाण्याची दोन्ही भांडी बदला. स्टीलची उथळ, पसरट ताटली उत्तम. रोज गरम पाण्याने घासा आणि साबण पूर्ण धुऊन काढा. तीन आठवडे थांबा. एवढ्यात फरक नाही पडला तर दोष वाटीचा नव्हता.

फरशीचं प्रकरण जास्त गंभीर आहे. फिनाईलने पुसलेल्या ओल्या लादीवरून मांजर चालतं, पंजे चाटतं, त्याच पंजाने नाक पुसतं. बेंझाल्कोनियम क्लोराईड असलेल्या सुगंधी क्लीनरनेही जीभ आणि नाकावर व्रण उठतात, तेही काही तासांनी, त्यामुळे संबंध लक्षात येत नाही. नाक लाल, लाळ गळतेय, जीभ सोललेली आणि त्याच दिवशी घर पुसलेलं, हे एकत्र आलं तर पंजे साध्या पाण्याने धुवा, बाटलीच्या लेबलाचा फोटो घ्या आणि निघा. उलटी करवायचा प्रयत्न करू नका. जे उतरताना भाजलं ते चढताना पुन्हा भाजतं. रोजच्या पुसण्याला भांड्यांच्या सौम्य साबणाचं पाणी पुरतं. लादी वाळल्यावरच मांजर आत.

पांढरं नाक आणि ऊन

पांढऱ्या किंवा नाक-कान पांढरे असलेल्या मांजराच्या शेंड्यावरची खपली वेगळ्या गांभीर्याने घ्यावी लागते. तिथे रंगद्रव्य नसल्याने ऊन थेट आत उतरतं. सुरुवातीला नुसती लाली, सालपटं, सुकलेल्या रक्ताचा पातळ थर. भांडणातला ओरखडा वाटतो, बरा झाल्यासारखा होतो, पुन्हा उगवतो. वर्षानुवर्षं उन्हात बसलेल्या मांजरात यातूनच त्वचेचा कर्करोग, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, तयार होतो. नाकाचा शेंडा, कानांची टोकं आणि पापण्या या त्याच्या ठरलेल्या जागा. लवकर पकडला तर शस्त्रक्रिया, गोठवण्याचा उपचार किंवा रेडिएशनने चांगला आटोक्यात येतो. शेंडा खड्डा पडून खाल्ला जाऊ लागल्यावर मात्र काम अवघड.

नियम साधा ठेवा: फिकट नाकावरची जखम तीन आठवड्यांत पूर्ण बरी झाली नाही, किंवा त्याच जागी पुन्हा आली, तर तुकडा काढून तपासायला सांगा. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचं, शिरवळचं, अशा महाविद्यालयांत विकृतिशास्त्राचे (पॅथॉलॉजीचे) विभाग आहेत. शहरातले खासगी पशुवैद्यही नमुने प्रयोगशाळेत पाठवतात.

सकाळी दहा ते दुपारी चार गॅलरी आणि गच्ची बंद. खिडकीची काच उन्हातले यूव्ही-बी किरण बरेच अडवते, यूव्ही-ए तितके नाही, म्हणून रोज त्याच खिडकीत लोळणाऱ्यासाठी काचेला यूव्ही फिल्म लावणं शहाणपणाचं. माणसांचं सनस्क्रीन नको. त्यातलं झिंक ऑक्साईड आणि सॅलिसिलेट दोन्ही मांजराला घातक.

नायटा आणि खरूज

केस तुटून गेलेला, राखाडी कोंडा असलेला गोलसर चट्टा दांड्यावर किंवा कानाच्या मुळाशी दिसला, मांजर पिल्लू किंवा पर्शियन असलं आणि घरातल्या कुणाच्या हातावर लाल गोल उठलं, तर नायटा धरून चाला. हा बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीचा असतो आणि माणसांना सहज लागतो. पशुवैद्य वूडच्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील उजेडाच्या खास दिव्याखाली, पाहतात. या बुरशीने धरलेले केस त्यात हिरवट चमकतात. ऑनलाइन मिळणारे स्वस्त जांभळे टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरचे असतात आणि त्यात धूळ, कोंडा, औषध सगळंच चमकतं. खरा दिवा ३६५ च्या आसपासचा. चमक नाही म्हणजे नायटा नाही असंही नाही. बुरशी वाढवून पाहण्याच्या तपासणीला दोन-तीन आठवडे लागतात.

उपचार सहसा इट्राकोनॅझोल तोंडाने आणि जोडीला अंगाला बुरशीनाशक धुणं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून दुसऱ्याच्या मांजराची चिठ्ठी वापरू नका. सहा-आठ आठवडे लागतात. चट्ट्यावर केस आले म्हणून औषध थांबवणं ही नेहमीची चूक. केस आधी येतात, बुरशी नंतर जाते. या काळात मांजराला पुसायला सोप्या एका खोलीत ठेवा, कोंडून एकटं टाकू नका. झडलेले केस रोज ओल्या फडक्याने उचला, चादरी धुवा. कडक पृष्ठभाग आधी साबणाने स्वच्छ करून मग एक भाग ब्लीचला शंभर भाग पाणी या द्रावणाने दहा मिनिटं ओले ठेवा आणि धुऊन वाळल्यावरच मांजराला सोडा. केसांवरच ब्लीच ओतण्यात अर्थ नाही.

खरजेची सुरुवात कानाच्या कडेला होते. जाड, पिवळट-राखाडी खपल्या तिथून कपाळावर, डोळ्यांभोवती, नाकावर उतरतात आणि खाज इतकी की मांजर स्वतःचं रक्त काढतं. बाहेर फिरणाऱ्या बोक्यांत ती बरीच दिसते. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली किडा दिसतो. सेलामेक्टिनसारख्या मानेवर टाकायच्या औषधाने चांगली बरी होते, अट एकच: घरातल्या सगळ्या मांजरांना एकाच वेळी. गुरांच्या आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन ओळखीच्या माणसाकडून ‘अंदाजे’ देऊ नका, पिल्लांना तर मुळीच नाही.

बाकीची कारणं, थोडक्यात

शिंका, डोळ्यांतून पाणी आणि शेंड्यावर व्रण असं त्रिकूट असेल तर विषाणू: नागीण वर्गातला हर्पीस किंवा कॅलिसी. यात स्टेरॉइडने आग आणखी भडकते. चेहरा-मान खाजवून सोलली असेल तर आधी पिसवा: ओल्या टिश्यूवर केस विंचरा, पडलेले काळे कण लालसर विरघळले तर ती पिसवांची विष्ठा. पिसवा गेल्या तरी खाज राहिली तर अन्नाची अ‍ॅलर्जी. तिची परीक्षा किमान आठ आठवड्यांची, आणि ज्या मांजराने जन्मभर चिकन आणि बांगडा खाल्ला त्याला ‘नवं’ म्हणून उकडलेलं चिकन देणं म्हणजे परीक्षाच नव्हे. त्या काळात ताटातला सुकटीचा एक तुकडाही सगळं वाया घालवतो.

पर्शियनसारख्या चपट्या तोंडाच्या मांजरात नाकावरच्या घडीत आसवं साचून कातडी कुजते. रोज एकदा सलाईनच्या गॉजने घडी पुसून कोरडी करायची. कोरडी करणं जास्त महत्त्वाचं. नाक, कान आणि नखांच्या मुळाशी एकदमच खपल्या आणि नखांभोवती दह्यासारखा पू दिसला तर पेम्फिगस हा प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो; घरी काही करण्यासारखं नाही.

आणि कबुतरं. त्यांच्या विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकोकस बुरशी मांजराच्या नाकात शिरली तर दांडा हळूहळू फुगतो, घरघर होते, एका नाकपुडीतून स्राव येतो. मुंबई-पुण्यात एसीच्या खोक्यामागे कबुतरांनी संसार थाटलेला असेल तर ती जागा आधी ओली करून, मास्क लावून साफ करा आणि जाळी मारा. कोरडी विष्ठा झाडू नका, ती उडते.

कधी थांबायचं नाही

चोवीस तास खाल्लं नाही, तोंडाने श्वास घेतोय, नाक किंवा चेहरा सुजलाय, रक्त थांबत नाही, पू येतोय, डोळा मिटून धरलाय: त्याच दिवशी जा. नाक दुखरं किंवा बंद असलं की मांजराला वास येत नाही, आणि वास नाही तर भूक नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ लागतं. तोवर खाणं कोमट करून, वास सुटेल असं द्या. बाकी साधा ओरखडा किंवा कोरडेपणा तीन दिवसांत सुधारताना दिसला पाहिजे. सुधारला नाही तर दाखवा.

हाताळताना मांजर चावलं किंवा खोल ओरखडलं तर तुमची जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजच्या लसीचं ते ठरवतील. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून भोक छोटं दिसतं, जंतू मात्र खोल जातात.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसापासून नाक पुसू नका, काही लावू नका, म्हणजे नमुना नीट मिळेल. फोटो दाखवा, आणि आतापर्यंत जे जे लावलं ते लाज न बाळगता सांगा, ट्यूबसकट. खरवड, खपलीखालच्या पेशींची स्लाइड आणि वूडचा दिवा या तीन गोष्टी पहिल्याच भेटीत होण्यासारख्या आहेत. ‘एक इंजेक्शन देऊन टाका’ असा आग्रह आपणच धरू नका. लांब पल्ल्याचं स्टेरॉइड एकदा टोचलं की परत काढता येत नाही, ते नायटा आणि विषाणू दोन्हींना मोकळं रान देतं, त्यानंतर काढलेल्या तुकड्याचा अहवाल धूसर येतो आणि काही मांजरांना त्यातून मधुमेह होतो. स्टेरॉइड लागणारच असेल तर गोळ्यांच्या रूपात, दिवस ठरवून मागा.